‘वय झालंय, भूल सोसवेल का?’

गुडघ्याचा सांधा बदलायचे ठरले की घरातील मंडळी सर्जन कोण, सांधा कोणत्या कंपनीचा आणि खर्च किती याची चौकशी महिनोन्‌महिने करतात. भूलतज्ज्ञाशी मात्र त्यांची गाठ बहुतेक वेळा शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी, रुग्ण दाखल झाल्यावरच पडते. त्या भेटीत मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच असतो : आईंचे वय झाले आहे, त्यांना भूल सोसवेल ना? पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या गावी मी भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. या प्रश्नामागची काळजी मला समजते आणि तिला घाईघाईने ‘काही होत नाही हो’ असे उत्तर देणे मला पटत नाही. वयस्कर रुग्णाचा धोका शस्त्रक्रियेच्या टेबलावरील दोन तासांपेक्षा त्याआधीच्या महिन्यात झालेल्या किंवा न झालेल्या तयारीवर आणि नंतरच्या तीन-चार दिवसांतील देखभालीवर अधिक अवलंबून असतो, आणि त्यातील बराच भाग कुटुंबाच्या हातात असतो. म्हणून हा लेख.

वयाबरोबर औषधांचा परिणाम वाढतो, हे खरे आहे. वायुरूपात दिल्या जाणाऱ्या भुलीच्या औषधाची गरज चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ६ टक्क्यांनी कमी होत जाते. शिरेतून देण्याच्या औषधांचे प्रमाणही कमी ठेवावे लागते आणि ते सावकाश द्यावे लागते. पण दोन पंचाहत्तरीच्या व्यक्ती एकसारख्या नसतात. शेतात राबलेल्या, काटक, रक्तदाबाच्या एका गोळीवर असलेल्या आजी आणि मधुमेह, जुना हृदयविकार व अधू मूत्रपिंडे असलेले त्याच वयाचे आजोबा यांच्यातील फरक जन्मतारखेवरून कळत नाही. एरवी आम्ही विचारतो की, दोन जिने न थांबता चढता का? गुडघ्याच्या रुग्णाला हा प्रश्न फारसा उपयोगी पडत नाही. पायरी चढताना गुडघाच त्याला आधी थांबवतो. छातीला आपली तक्रार सांगायची वेळच येत नाही. अनेकांचे हृदय वर्षानुवर्षे कसोटीला लागलेलेच नसते, आणि म्हणून ईसीजीबरोबर टूडी-इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या असे सांगितले तर तो वाढीव खर्च समजू नये. महाधमनीची झडप अरुंद झाली असेल तर त्याचा सुगावा कित्येकदा या तपासणीतच लागतो, आणि त्यावरून भूल कोणत्या पद्धतीने द्यायची हा निर्णय बदलू शकतो.

या तपासणीला येताना औषधांची पिशवी आणावी, असा माझा आग्रह असतो. नुसती यादी पुरत नाही, पिशवीच हवी. टेबलावर ती रिकामी केली की घरातल्यांनाही माहीत नसलेल्या गोष्टी बाहेर पडतात : अर्धी कापलेली स्ट्रिप, जिच्यावरचे नाव कात्रीत गेलेले असते, दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या नावांनी लिहिलेली एकच गोळी, आणि कागदात बांधलेल्या, सांधेदुखीवरच्या ‘देशी औषधा’च्या पुड्या. या पुड्यांबद्दल रुग्ण संकोचाने बोलतात, पण मला त्यांच्याविषयी सर्वांत आधी जाणून घ्यायचे असते. अशा बेनामी औषधांत स्टिरॉईड मिसळलेले असल्याचे प्रकार आढळलेले आहेत. महिनोन्‌महिने स्टिरॉईड पोटात जात असेल तर शरीराची स्वतःची ते तयार करण्याची क्षमता मंदावते आणि शस्त्रक्रियेच्या ताणात रक्तदाब अचानक कोसळू शकतो. ही गोष्ट आधी माहीत असेल तर आम्हाला तिच्यावर उपाय करता येतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा विषय याहून नाजूक आहे. पाठीत सुई द्यायची असेल तर मणक्याच्या पोकळीत रक्तस्राव होऊन चेतातंतूंवर दाब येण्याची दुर्मीळ पण गंभीर शक्यता टाळावी लागते. त्यासाठी क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आधी, अपिक्साबान किंवा रिव्हरॉक्साबान सुमारे ३ दिवस आधी आणि मूत्रपिंड अधू असेल तर त्याहूनही आधी थांबवावी लागते. ॲस्पिरिन मात्र बहुतेकदा चालू ठेवता येते. परंतु हे वाचून कोणीही स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. ज्यांच्या हृदयात अलीकडे स्टेंट बसवला आहे, त्यांच्या बाबतीत ती गोळी बंद करणे हे गुडघेदुखीपेक्षा कितीतरी घातक ठरू शकते. काही वेळा ‘सहा महिने थांबा’ हाच योग्य सल्ला असतो. हृदयरोगतज्ज्ञ, सर्जन आणि भूलतज्ज्ञ या तिघांचे बोलणे झाल्याशिवाय ही तारीख ठरू नये.

मधुमेहाच्या काही नव्या गोळ्यांबद्दलही तितकेच स्पष्ट सांगायला हवे. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे आता गावोगावी दिली जातात आणि ती चांगली औषधे आहेत; पण उपाशी राहण्याच्या आणि शस्त्रक्रियेच्या काळात त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साठू शकते. त्यातली फसवी बाब अशी की, रक्तातील साखर त्या वेळी जवळजवळ ठीक दिसत असते. म्हणून ती ३ दिवस आधी थांबवून साखर दुसऱ्या मार्गाने सांभाळली जाते. टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी आम्ही बहुधा त्या दिवशी सकाळी घेऊ देत नाही, कारण स्पायनलनंतर, म्हणजे पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केल्यावर, रक्तदाब नको तितका उतरतो; याउलट मेटोप्रोलोल किंवा ॲटेनोलोल घेणाऱ्याने ती गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायचीच असते. ‘ऑपरेशनच्या दिवशी कुठलीच गोळी नाही’ असा सरसकट निरोप म्हणून धोक्याचा ठरतो.

हिमोग्लोबिनकडे आपल्याकडे फारच सहजपणे पाहिले जाते. बाईचे हिमोग्लोबिन ९ आहे म्हटले की ‘बायकांचं असतंच कमी’ असे उत्तर मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापानुसार स्त्रियांत १२ च्या आणि पुरुषांत १३ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस हा आकडा आणखी खाली जातो, आणि मग उभे राहताना चक्कर, धाप, थकवा व रक्त चढवण्याची गरज ही साखळी सुरू होते. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड या औषधामुळे रक्तस्राव आता बराच कमी झाला आहे, तरीही मुळातला साठा आधीच भरलेला असणे वेगळे. लोहाच्या गोळ्यांना त्यासाठी काही आठवडे लागतात. शिरेतून लोह दिल्यास वेळ कमी लागतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया तातडीची नसते, त्यामुळे महिनाभर थांबण्यात काहीही बिघडत नाही. रक्तक्षयाचे कारण शोधणे तर आवश्यकच आहे. वयस्कर माणसाच्या पोटातून हळूहळू रक्त जात असेल तर ते गुडघ्याआधी कळले पाहिजे.

विडी, तंबाखू आणि मिश्री यांविषयी खरे सांगावे. आमच्या भागातील अनेक आजी विचारल्यावर ‘तंबाखू नाही’ म्हणतात आणि रोज दोन वेळा मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिचा निकोटिनचा परिणाम हृदयावर आणि जखम भरण्यावर होतो. हलणारे दात, कवळी, झोपेतील मोठे घोरणे या गोष्टीही मला कळायला हव्या असतात.

उपाशी राहण्याची आपली पद्धत जुन्या धाकातून आलेली आहे. ‘रात्री दहानंतर पाण्याचा थेंबही नाही’ असे सांगितलेला रुग्ण दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला टेबलावर येतो, तेव्हा त्याचे अंग कोरडे पडलेले असते आणि भूल दिल्याबरोबर त्याचा रक्तदाब घसरतो. घन अन्नासाठी ६ तास, तळलेल्या किंवा जड जेवणासाठी ८ तास आणि साध्या पाण्यासाठी २ तास हा आज सर्वमान्य असलेला नियम आहे. काही मोजक्या आजारांत तो बदलतो, पण इतरांनी आपल्या भूलतज्ज्ञाला विचारून पाणी प्यावे.

आता प्रत्यक्ष भुलीकडे वळते. गुडघ्यासाठी बहुतेक वयस्कर रुग्णांना आम्ही स्पायनल देतो, म्हणजे कमरेच्या मणक्यांमधून बारीक सुईने औषध आत सोडून कमरेखालचा भाग बधिर करतो. जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बीअर या सर्जनने १८९८ मध्ये ही पद्धत शस्त्रक्रियेसाठी प्रथम वापरली, तेव्हापासून सुया आणि औषधे पार बदलली, पण तत्त्व तेच आहे. ‘पाठीतल्या इंजेक्शनने कायमची कंबर धरते’ ही समजूत मात्र काही केल्या जात नाही. मज्जारज्जू साधारणपणे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि आमची सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधे जाते. सुई शिरली तेथे दोन-तीन दिवस ठणका लागू शकतो. वर्षानुवर्षांची कंबरदुखी बहुतेकदा मणक्यांच्या झिजेची असते आणि ती ऑपरेशनच्या आधीही होतीच. स्पायनलनंतरची डोकेदुखीदेखील तरुणांच्या मानाने वयस्करांत कमी दिसते.

अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. वयस्कर पाठीतील मणक्यांमधल्या फटी अरुंद झालेल्या असतात आणि अस्थिबंध कडक झालेले असतात, त्यामुळे सुई कधी कधी बाजूने न्यावी लागते आणि दोन-तीनदा दिशा बदलावी लागते. अशा वेळी रुग्णाची साथ फार मोलाची असते. ‘आजी, हनुवटी छातीला लावा, खांदे सैल सोडा आणि कंबर मांजरासारखी बाहेर काढा,’ असे मी सांगते, आणि समोर उभी असलेली सिस्टर त्यांना खांद्यांना धरून ठेवते. औषध गेले की काही क्षणांत पाय उबदार व जड वाटू लागतात. बर्फासारखा गार बोळा पोटापासून खाली फिरवून मी ‘गार लागतंय का?’ असे विचारत जाते. बेंबीच्या आसपास गारवा कळेनासा झाला की काम पुरे झाले असे समजते. एक गोष्ट आधी सांगून ठेवली नाही तर रुग्ण घाबरतात. पाय बधिर होताना ज्या स्थितीत होता, त्याच स्थितीत तो अजून आहे असे मेंदूला वाटत राहते. साफ करण्यासाठी उचललेला पाय केव्हाच खाली ठेवलेला असतो आणि पडद्याआडून आजी विचारतात, ‘पाय वरच धरलाय व्हय अजून?’ हातोडीचे आणि करवतीचे आवाजही ऐकू येतात. दुखत नसते, पण आवाज मनावर येतो. ज्यांना तो नको असेल त्यांना हलके गुंगीचे औषध देता येते किंवा कानाला हेडफोन लावून त्यांच्या आवडीचे अभंग ऐकवता येतात. वयस्करांत दुसरा पर्याय चालत असेल तर मी तोच आधी सुचवते.

पूर्ण भूल म्हणजे धोका आणि स्पायनल म्हणजे सुरक्षितता, अशी सरळ विभागणी करता येत नाही. रक्त पातळ करणारे औषध थांबवणे शक्य नसेल, पाठीच्या मणक्यांत सळ्या बसवलेल्या असतील किंवा हृदयाची झडप फार अरुंद असेल, तर काळजीपूर्वक दिलेली पूर्ण भूल अधिक योग्य ठरू शकते. खुब्याजवळचे हाड मोडलेल्या वयस्करांवर अमेरिका आणि कॅनडात झालेला, १६०० रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्पायनल घेतलेल्यांचे चालणे, जगणे किंवा नंतरचा मानसिक गोंधळ यांत पूर्ण भुलीच्या तुलनेत विशेष फरक त्यात आढळला नाही. ते रुग्ण गुडघ्याचे नव्हते, तरी या निष्कर्षाने माझ्या विचारावर परिणाम केला आहे. गुडघ्यासाठी मी अजूनही स्पायनलकडे झुकते, कारण शुद्धीवर असलेला आणि घसा न दुखणारा रुग्ण लवकर खातो, लवकर उठतो. पण नातेवाइकांनी एखाद्या पद्धतीचा हट्ट धरू नये असे मला वाटते.

दुखणे हा या शस्त्रक्रियेचा सर्वांत मोठा भाग आहे. स्पायनलचा परिणाम काही तासांत ओसरतो, म्हणून सोनोग्राफीवर पाहून मांडीच्या मध्याजवळ आतल्या बाजूने चेतातंतूंभोवती औषध सोडले जाते; याला ब्लॉक म्हणतात. पूर्वी जांघेत द्यायचा ब्लॉक मांडीचा मोठा स्नायूच लुळा पाडत असे; या नव्या जागी दिलेल्या ब्लॉकने दुखणे कमी होते आणि पाय उचलण्याची ताकद बरीचशी राहते. त्यामुळेच शस्त्रक्रियेच्या दिवशी संध्याकाळी रुग्ण वॉकर धरून चार पावले टाकू शकतो. नेमकी येथेच नातेवाइकांची फसगत होते. पहिल्या संध्याकाळी चालणाऱ्या आजींचा व्हिडिओ सगळ्या नातलगांना जातो, आणि एकदाच दिलेल्या ब्लॉकचा परिणाम बारा ते चोवीस तासांत उतरला की पुढची रात्र जड जाते. ‘काल बरी होती, आज काहीतरी बिघडलं’ असे घरच्यांना वाटते. बिघडलेले काही नसते. झाकलेले दुखणे वर आलेले असते. ब्लॉक उतरण्याच्या आधीपासून पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी, दुखो अथवा न दुखो, देत राहणे हा त्यावरचा खरा उपाय आहे. ‘उगाच गोळ्या नकोत’ म्हणून ती टाळणारे सोशिक रुग्ण शेवटी जास्त तीव्र औषधे घेतात. ट्रामाडॉलने वयस्करांना मळमळ, बद्धकोष्ठता आणि कधी गोंधळ होतो, तर सूज उतरवणाऱ्या वेदनाशामकांनी अधू मूत्रपिंडाला इजा होते. म्हणून ही दोन्ही औषधे मोजून-मापून द्यावी लागतात.

गोंधळाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण कुटुंबाला सर्वांत जास्त हादरवणारी गोष्ट हीच असते. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत, विशेषतः रात्री, एरवी शहाणासुरता माणूस सलाईन उपटू लागतो, मुलाला ओळखत नाही, गेलेल्या माणसांशी बोलतो. याला भ्रम म्हणतात. हे वेड नव्हे आणि बहुतेकांत ते काही दिवसांत निवळते. त्याचे दुसरे रूप सहज नजरेतून सुटते : रुग्ण गप्प पडून राहतो, जेवणात लक्ष नसते, विचारल्यावर उशिरा उत्तर देतो, आणि ‘दमल्यात, झोपू दे’ म्हणून कोणी त्याकडे पाहत नाही. दोन्ही वेळा डॉक्टरांना कळवावे, कारण त्यामागे प्राणवायूची कमतरता, साखरेतील चढउतार, सोडियम कमी होणे, तुंबलेली लघवी, जंतुसंसर्ग किंवा न आवरलेले दुखणे असे काहीतरी असू शकते आणि ते शोधता येते.

हा भ्रम टाळण्याचे उपाय महागडे नाहीत. चष्मा, कानाचे यंत्र आणि कवळी ऑपरेशन थिएटरच्या दारात काढून घेतली जाते आणि घरच्यांच्या पिशवीत दुसऱ्या दिवसापर्यंत पडून राहते. ती रुग्ण रिकव्हरी खोलीत आल्याबरोबर परत मिळाली पाहिजे. न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या माणसाला अनोळखी खोलीत काय चालले आहे हे कळणार कसे? ओळखीचे एक माणूस जवळ असावे, दिवसा खिडकी उघडी असावी, रात्री दिवे मंद असावेत आणि आज वार कोणता, वाजले किती हे सहज बोलण्यात सांगत राहावे. भेटायला येणाऱ्यांची गर्दी मात्र नको. वर्षानुवर्षे अल्प्राझोलामची गोळी घेऊन झोपणाऱ्यांनी ते आधी सांगावे. ती एकाएकी बंद झाली तरी त्रास होतो आणि वर दुसरे झोपेचे औषध दिले तरी होतो. रोज मद्य घेता का, हा प्रश्न पुरुषांना मी घरच्यांना बाहेर पाठवून एकट्याला विचारते. त्या दोन-तीन दिवसांत दारू अचानक तुटल्याने येणारा भ्रम जिवावर बेतू शकतो, आणि लपवलेले हे एक उत्तर सगळ्या तयारीवर पाणी फिरवते.

उठणे-बसणे सुरू झाल्यावर रात्री एकट्याने शौचालयात जाणे ही सर्वांत धोक्याची गोष्ट ठरते. पायात बधिरपणा शिल्लक असतो, रक्तदाब उभे राहताच उतरतो आणि ‘लेकाची झोप कशाला मोडायची’ म्हणून आजी गुपचूप उठतात. त्यांनी हाक मारलीच पाहिजे, हे घरच्यांनी त्यांना पुन:पुन्हा सांगावे. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांची लघवी स्पायनलनंतर अडू शकते. ओटीपोट फुगले आणि अस्वस्थता वाढली तर सकाळपर्यंत वाट पाहू नये.

दोन्ही गुडघे एकाच वेळी करावेत का, असे पुष्कळजण विचारतात, आणि खर्च व सुट्टी वाचते हे त्यामागचे कारण मला मान्य आहे. निवडक, तब्येतीने ठणठणीत रुग्णांत ते केले जाते. पंचाहत्तरीच्या पुढे किंवा हृदय-फुप्फुसाचा आजार असेल तर मी त्याच्या विरुद्ध मत देते, कारण रक्तस्राव, हाडातील मेदाचे कण रक्तात जाणे आणि दुखणे या तिन्हींचा भार एकाच दिवशी दुप्पट होतो.

घरी गेल्यावर घोट्याची हालचाल दर तासाला चालू ठेवावी. पोटरी एका बाजूने सुजून दुखू लागली, अचानक धाप लागली, छातीत दुखले किंवा जखमेतून पाणी येऊन ताप आला, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्त गोठू नये म्हणून दिलेले औषध सांगितलेल्या तारखेपर्यंत घ्यावे, आणि थांबवलेली कोणती जुनी गोळी कोणत्या दिवसापासून पुन्हा सुरू करायची हे डिस्चार्ज कार्डावर लिहून मागावे. क्लोपिडोग्रेल पुन्हा सुरू करायची राहून गेली, असे मी अनेकदा पाहिले आहे.

डिस्चार्ज कार्डाबरोबर भुलीच्या नोंदीच्या कागदाची प्रतही मागून घ्यावी. सुई कोणत्या फटीतून गेली, औषध किती लागले, रक्तदाब कुठवर उतरला, भ्रम झाला का, कोणत्या औषधाने उलट्या झाल्या हे सारे त्यावर असते, आणि वर्ष-दोन वर्षांनी दुसऱ्या गुडघ्यासाठी रुग्ण माझ्यासमोर येतो तेव्हा सगळ्या फायलींतून मी आधी तोच कागद शोधते.